आमची पड

ऊन तापायला लागलं की सोलापुरात दुपारी रस्त्यावर कुणी उरत नाही. रिक्षावाले कडुनिंबाखाली रिक्षा लावून मागच्या सीटवर पाय दुमडून झोपतात. होस्टेलच्या नळाला येणारं पाणी हाताला चटका देतं. गादीवर पाठ टेकली तर गादी तव्यासारखी लागते, म्हणून आम्ही मुली फरशीवर पाणी शिंपडून नुसत्या जमिनीवर झोपतो. अशाच एका दुपारी फोनवर ते पोस्टर आलं. उन्हाळी निसर्ग शिबीर. वर माळढोक पक्ष्याचं चित्र, खाली हिरव्यागार झाडांची रांग आणि मध्ये पिवळ्या अक्षरांत एक ओळ : 'चला, पडीक माळावर वनराई फुलवूया. वर्ष दुसरे.' त्याखाली शिबिराच्या सरांचा निरोप होता. 'यंदा तू मुख्य मार्गदर्शक. खड्डे तयारच आहेत.'

मी फोन पालथा ठेवला. फरशी गार होती, तरी अंग तापलं.

आमच्या घरात राग येणं हे शेरडाचं, म्हणजे शेळीचं, लक्षण मानतात. मेंढरू मान खाली घालून कळपातून चालतं. शेरडू बांधावर चढतं, परक्याच्या कुंपणात तोंड घालतं, हटकलं तर शिंगं रोखून उभं राहतं. मी लहानपणी फुरंगटून बसले की माझी धाकटी चुलती म्हणायची, "मेंढरात वाढलीस नि शेरडावानी का करतीस गं?" तिला आम्ही जिजी म्हणतो. घरातून कॉलेजपर्यंत आलेली मी पहिलीच. वर्गात हात वर करायच्या आधी मी मनात वाक्य घोळवून बघते, त्यातलं 'हाय'चं 'आहे' करून घेते, आणि तोवर तास संपतो. पण या पोस्टरवरच्या 'पडीक' शब्दाविषयीचं वाक्य मी गेलं वर्षभर घोळवते आहे. ते आता मांडते. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

पोस्टरमधला माळ आमच्या गावचा आहे. मंगळवेढ्याच्या अलीकडं डांबरी रस्ता सोडून आत गेलं की लागतो. गावचं गायरान. माझ्या आठवणीत तरी त्याच्यावर कधी नांगर फिरला नाही. जिजीची मेंढरं त्याच्यावरच वाढली. आता त्याच्याभोवती तार आहे आणि तारेला 'चराई बंदी' अशी पाटी आहे. यंदा तिथं पुन्हा झाडं लावली तर बंदी पुढं वाढेल, आणि तसं झालं तर जिजी मेंढरं विकणार आहे. हे ती रडत सांगत नाही. भाकरी थापताना सांगते, "यंदा न्हाय जमलं तर बाजार दाखवायचा," आणि पीठ झटकते.

गेल्या उन्हाळ्यात असं काही होईल असं वाटलं नव्हतं. उलट मला फार बरं वाटत होतं. शिबिराला त्या भागातलं कुणीतरी हवं होतं, मी वनस्पतिशास्त्राला आहे हे सरांना कुणाकडून तरी कळलं, आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. हिरवा टी-शर्ट दिला. त्याच्या पाठीवर 'निसर्गमित्र' असं लिहिलं होतं. तो घालून मी होस्टेलच्या आरशात पाठ बघायचा प्रयत्न केला होता, ते आठवतं.

पहाटे शहराच्या जुळे सोलापूर भागातून बस सुटायची. मुलं पेंगत चढायची. टोप्या, पाण्याच्या रंगीत बाटल्या, गालांवर क्रीमचे पांढरे पट्टे. बसभर त्या क्रीमचा आणि सँडविचचा वास. आई-वडील खालून खिडकीला हात लावून सांगायचे, "उन्हात फिरू नकोस." निसर्ग बघायला निघालेल्या मुलाला उन्हात फिरू नकोस म्हणायचं, हे मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं. आमच्या जिल्ह्यात ऊन वजा केलं तर निसर्ग म्हणून उरतं काय?

उन्हाळ्यातला माळ दिसायला काही नसतो, हे मी मान्य करते. भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्याच्या रंगाचं गवत, मध्ये मध्ये उघडी मुरमाड जमीन, पिवळी फुलं मिरवणारं एखादं तरवडाचं झुडूप, लांब हिवराचं एक एकटं झाड. बाकी आभाळ. मुलं बसमधून उतरली की आधी सगळीकडं बघायची आणि मग माझ्याकडं बघायची, 'बघायचं कुठं आहे?' अशा चेहऱ्यानं. अन्वी नावाची एक चुणचुणीत मुलगी होती, सहावीतली. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, इथे काहीच नाहीये का?"

मी म्हटलं, "बस खाली."

बसल्यावर माळ बदलतो. उभं असताना जे एकच गवत वाटतं, ते बसलं की वेगळं वेगळं होतं. मुंग्यांची वाट दिसते. मेंढरांच्या लेंड्या ओढून नेणारा किडा दिसतो. जमिनीच्या रंगाचा सरडा मान वर-खाली करत आपल्याला जोखत असतो. अन्वी बराच वेळ बसली. मग उठली आणि किंचाळली. तिचे मोजे कुसळांनी भरले होते. कुसळ म्हणजे आमच्या गवताचं बी. त्याचं टोक सुईसारखं आणि शेपटी केसासारखी लांब. मोज्यातून आत शिरतं ते पायाला टोचेपर्यंत थांबत नाही. मी तिच्या मोज्यातलं एक कुसळ काढलं, तिच्या तळहातावर ठेवलं आणि बाटलीतल्या पाण्याचा थेंब त्याच्या शेपटीवर सोडला. ते हळूहळू स्वतःभोवती फिरायला लागलं.

"हे जिवंत आहे?"

"पाणी लागलं की ते असं फिरत फिरत जमिनीत शिरतं. स्वतःच स्वतःला पेरतं."

अन्वीनं उरलेली कुसळं काढूच दिली नाहीत. मोजे तसेच घालून बसमध्ये बसली, पोटरी खाजवत. दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा निरोप आला होता की मुलांना स्वच्छ जागी बसवत जा.

तेव्हा आम्ही सगळे त्यावर हसलो होतो. सरही हसले होते. सर वाईट माणूस नाहीत, हे मला सांगायलाच हवं. ते वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं. ते स्वतः घरून कोकम सरबताचा मोठा थर्मास आणायचे, कुणाला चक्कर आली तर आपली टोपी काढून द्यायचे, प्लास्टिकचा कपटा दिसला की वाकून उचलायचे. मला 'बाळ' म्हणायचे. पण सरांचे सगळे उपक्रम कुठल्या तरी दुसऱ्या प्रदेशातून आलेले होते. डोळे बांधून झाडाच्या खोडावरून हात फिरवा. झाडाला मिठी मारून त्याचं ऐका. पानगळीचं पान शोधा. ते मुलांना म्हणाले, "आता प्रत्येकानं आपलं एक झाड निवडा आणि त्याला मिठी मारा." मुलांनी चारी दिशांना बघितलं. मग सगळी त्या एकट्या हिवराकडं पळत सुटली. हिवराला काटे असतात. पुढचा पोरगा ओरडला, मागचे त्याच्यावर आदळले, आणि थोडा वेळ रडणं आणि हसणं एकत्रच चाललं.

सर घाम पुसत म्हणाले, "इथे साधं मिठी मारायला झाड नाही."

ते वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. आता वाटतं, सगळं तिथंच ठरलं होतं. उपक्रमाला झाडं लागत होती आणि माळावर झाडं नव्हती. दोन्हींतलं एक बदलायला हवं होतं. उपक्रम बदलणं सोपं होतं. त्यांनी माळ बदलला.

आणि जिजी आली ती नेमकी हिवराजवळचा तो गोंधळ चालू असताना. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पुढं मेंढरं. मेंढरं मुलांना बघून थबकली, मुलं मेंढरांना बघून. जिजीनं मला त्या हिरव्या टी-शर्टात नखशिखांत बघितलं आणि म्हणाली, "ही कुटली पोपटीण?" मुलं हसली, मीही हसले. सरांना फार आनंद झाला. त्यांनी फोन काढला, चित्रीकरण सुरू केलं, जिजीशेजारी उभे राहिले आणि तिला विचारलं, "मावशी, ही सगळी जमीन पडीकच ना?"

जिजीचा चेहरा उजळला. "व्हय की," ती म्हणाली. "पडच हाय ही. लई जुनी पड. माज्या सासऱ्याच्या आदीपास्नं हाय. हिच्यासारकी पड तुमाला ह्या रानात दुसरी घावायची न्हाय."

"बघा मुलांनो," सर फोनकडं बघत म्हणाले. "इथल्या मावशीच सांगतायत, कित्येक पिढ्या ही जमीन पडीक आहे."

जिजी मान डोलावत राहिली. कुणीतरी आपल्या माळाचं कौतुक करतंय याचा तिला केवढा अभिमान वाटत होता.

हे समजावून सांगायला मला जरा आडवाटेनं जावं लागेल. पड हा शब्द आमच्यात भाकरीइतका गरजेचा आहे. मी लहान असताना पाऊसकाळ संपला की वाडा, म्हणजे आमचा मेंढरांचा तळ, उठायचा. मेंढरं, घोडी, कोंबड्या, आम्ही पोरं, सगळं घेऊन घरचे ओळखीपाळखीच्या गावांमधून चालत जायचे. नवीन शिवार लागलं की माझे अप्पा वाटेत भेटेल त्याला रामराम घालून पहिला प्रश्न विचारायचे, "पड हाय का कुटं?" समोरच्यानं "हाय की, वड्याच्या पल्याड" म्हटलं, तर अप्पांच्या चालीत फरक पडायचा. आई घोडीवरून भांडी उतरवायची तयारी करायची. पड हाय म्हणजे आज मुक्काम आहे. पड हाय म्हणजे चारा आहे, चूल पेटणार आहे. 'पड न्हाय' हे मी ऐकलेलं सगळ्यात वाईट वाक्य होतं. ते ऐकलं की मोठी माणसं न बोलता चालत राहायची आणि आम्हीही पाणी मागायचो नाही.

दमलेलं माणूस दुपारी जरा पडतं. उठायचं असतं म्हणूनच पडतं. जमीनही तशीच पडते, एवढंच त्या शब्दात आहे. पण शाळेत गेल्यावर भूगोलाच्या नकाशात तीच जमीन पांढरी सोडलेली असायची आणि कोपऱ्यातल्या सूचीत तिच्यापुढं 'पडीक' लिहिलेलं असायचं. दोन्ही शब्द एकाच पोटातले आहेत हे माझ्या लक्षात यायला कितीतरी वर्षं लागली. सरांनी विचारलं ते 'पडीक', जिजीनं ऐकलं ती 'पड'. सरांनी विचारलं, ही जमीन वाया गेलेली आहे ना? जिजीनं सांगितलं, हो, हिनंच आम्हाला पोसलं. आणि दोघंही एकमेकांकडं बघून समाधानानं हसले. तो व्हिडिओ माझ्याकडं अजून आहे. मी तो बघू शकत नाही आणि पुसूही शकत नाही.

परतताना बसमध्येच मी सरांना म्हटलं, "सर, जिजीला तसं म्हणायचं नव्हतं."

"कसं?"

"म्हणजे... पड म्हणजे पडीक नाही. म्हणजे चरायला जी मोकळी..."

"बाळ, शब्दाचा कीस काढू नये," ते प्रेमानं म्हणाले. "त्या किती स्पष्ट बोलल्या. आणि झाडं लावायला कुणी नाही म्हणतं का?"

 या प्रश्नाला उत्तर कुणाकडंच नसतं, म्हणून तर तो इतका सोयीचा आहे. झाडं लावायला नाही म्हणणारा माणूस कसा दिसतो? तो भिंतीवर रंगवलेल्या कुऱ्हाडवाल्यासारखा दिसतो. लहानपणापासून आपण ते चित्र बघितलेलं असतं. मी त्या चित्रात शिरायला भ्याले नाही, पण तिथून बोलायला शब्द सापडेनात. मी खिडकीबाहेर बघत मनात वाक्यं जुळवत राहिले. बस जुळे सोलापुरात शिरली तेव्हा एक चांगलं वाक्य सापडलं होतं, पण सर खाली उतरून पालकांशी बोलत होते.

पुढचं सगळं भराभर झालं. व्हिडिओ ग्रामपंचायतीत दाखवला गेला. तिथं मेंढरं चारणाऱ्यांचीच हरकत नाही म्हटल्यावर इतरांची कशाला असेल? शिबिराचा समारोप वृक्षारोपणानं करायचं ठरलं आणि समारोपाच्या आदल्या दिवशी माळावर जेसीबी आला.

मला त्या दिवसाचं सगळ्यात आधी टिटवीचं ओरडणं आठवतं. शिबिरात आम्ही तिची अंडी बघितली होती. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या मुरमावर खड्यांमध्ये अंडी घालते, खड्यांच्याच रंगाची. अन्वीनं विचारलं होतं, "घरटं कुठंय?" मी म्हटलं, "हेच." ती म्हणाली, "हे तर काहीच नाही." मग खाली बसून नीट बघितल्यावर स्वतःच म्हणाली, "अच्छा. काहीच नाही असं दिसायला पाहिजे ना तिला." मला तिला मिठी मारावीशी वाटली होती, झाडाऐवजी.

जेसीबीवाल्याला मी ती जागा दाखवली. तो कुठल्यातरी लांबच्या गावचा शांत माणूस होता. त्यानं दगड ठेवून खूण केली, म्हणाला, "ताई, एवढं सोडून घेतो." आणि त्यानं सोडलंही. पण दुसऱ्या दिवशी रोपांचा टेम्पो आला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी मी तिथं गेले तेव्हा दगड होता आणि दगडाशेजारून टायरचा ठसा गेला होता. टिटवी अजून ओरडत होती. स्पीकरवरून नावं पुकारून मुलांना प्रमाणपत्रं वाटत होते. व्यासपीठामागच्या फलकावर माळढोक होता. एका मुलानं सरांना विचारलं, हा पक्षी इथे दिसतो का, आणि सर खेदानं म्हणाले, "दुर्दैवानं आता नाही, राजा." ज्या पक्ष्याला उघडा माळ लागतो, त्याच्या चित्राखाली उभं राहून आम्ही माळ बुजवत होतो आणि तो का दिसत नाही याचं दुःखही करत होतो. मला या गोष्टीचा इतका राग येतो की हे लिहितानाही पेन कागदात रुततंय.

झाडं दिवाळीपर्यंत टिकली नाहीत. आमच्याकडं पाऊस येतो तसा आला, गेला. टँकरनं पाणी घालायचं ठरलं होतं, पण टँकर प्यायच्या पाण्यालाच पुरेनात. रोपं वाळली, त्यांना बांधलेल्या काठ्या राहिल्या. त्या काठ्या लांबून झाडांपेक्षा जास्त दिसतात. खड्डे राहिले. दोन ओळींच्या मध्ये पाणी मुरवायला चर खणले होते, तेही राहिले. चर खणले आणि चरणं थांबलं, असं मी जिजीला म्हटलं तर ती हसली नाही.

जिजी आता मेंढरं रस्त्याच्या कडेनं नेते. डांबराच्या कडेला जे उगवतं तेवढं खाऊ घालते. ट्रकवाले हॉर्न वाजवतात, मेंढरं बुजतात, जिजी शिव्या देते. हिवाळ्यात एक कोकरू तारेखालून आत गेलं आणि खड्ड्यात पडून पाय मोडून बसलं. जिजीनं ते उचलून आणलं, पायाला काटक्या बांधल्या, चुलीजवळ ठेवलं. मी सुट्टीला गेले होते. ती त्याच्या पाठीवरनं हात फिरवत मला म्हणाली, "मीच म्हनलं ना गं त्यास्नी. फोनात बगून म्हनलं, पड हाय म्हनून."

"तू खरं तेच सांगितलंस जिजी."

"मग असं का झालं?"

तिचा हा प्रश्न मला परीक्षेत कुणी विचारला नाही आणि विचारणारही नाही. पण मी शिकले असेन तर याचंच उत्तर द्यायला शिकले असणार, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

म्हणून पोस्टर आल्यावर मी सरांना उत्तर दिलं नाही, गावाला गेले. त्याच आठवड्यात ग्रामसभा होती आणि विषयांमध्ये 'वनराई, दुसरा टप्पा' होता. सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. पुरुष खुर्च्यांवर, बायका जिन्याच्या पायऱ्यांवर. सरपंचांनी विषय वाचला आणि 'मंजूर' म्हणायला सगळ्यांची तोंडं उघडलेलीच होती. मी उभी राहिले.  मनातलं वाक्य जुळलेलं होतं, 'आहे'सकट. पण तोंडातून निघालं ते असं :

"पड हाय म्हंजे मोकळी हाय, असं न्हाय. पड हाय म्हंजे राखलेली हाय. जिजी ते बोलली हुती."

 मागून एक म्हातारा हसला. "आरं, खरंच की," तो म्हणाला. "आमी ऐकलं नि कुनाच्याच ध्यानात आलं न्हाय. पड म्हनली ती बया."

सरपंच चपापले. "मग आदी सांगायचं न्हवं."

"आदी इच्यारलं कुनी?" पायरीवरून जिजी म्हणाली. "फोनातली जिजी बगत बसलात. खरी जिजी हितंच हुती की, तुमच्या दारावरनं रोज मेंढरं नेते. आत्ता इच्यारा. मी आत्ता बी तेच म्हनते. पड हाय. पड हाय म्हनून मेंढरं हायत, मेंढरं हायत म्हनून तुमच्या रानात खत पडतंय. ते खत घेताना गोड लागतंय व्हय?"

बायका हसल्या. सरपंचही हसले आणि हसता हसता त्यांनी विषय टोलवला. म्हणाले, शहरातली मोठी माणसं आहेत, एकदम नाही कसं म्हणायचं, हा विषय तूर्त असाच पडून राहू द्या.

"ऱ्हाऊ द्या की," जिजी म्हणाली. "पडूनच ऱ्हाऊ द्या."

म्हणजे आम्ही जिंकलो नाही. ठराव झाला नाही, एवढंच. तार तशीच आहे, पाटी तशीच आहे. पण यंदा नवी रोपं येणार नाहीत, बंदी पुढं जाणार नाही, आणि जिजीनं बाजाराचं नाव काढलेलं नाही. पुढच्या सभेला हा विषय पुन्हा येईल. मीही येईन.

सोलापूरला परतल्यावर मी सरांना लिहिलं. लिहायला वेळ लागला, कारण मला उद्धट व्हायचं नव्हतं आणि खोटंही व्हायचं नव्हतं. लिहिलं की मी मार्गदर्शक म्हणून यायला तयार आहे. उन्हाळी उपक्रमही सुचवते. मुलांना घमेली आणि खोरी द्यायची आणि आपण खणलेले खड्डे आपणच बुजवायचे. टिटवीची अंडी बघत, वाकून, सावकाश. काम झाल्यावर सगळ्यांनी खाली बसायचं. मिठी मारायला झाड लागणार नाही. निरोपाशेजारी दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलेलं नाही. ते माझ्यावर रागावले असतील. रागावू देत. त्यांच्या रागाला निदान माहीत आहे की तो चांगल्या माणसाचा राग आहे. आमचा राग मात्र कुणी बघितला की त्याला लगेच शेरडाची शिंगं दिसतात.

आणि काल अन्वीच्या आवाजातला निरोप आला, तिच्या आईच्या फोनवरून. मागं भांड्यांचा आवाज होता, ती हळू बोलत होती. म्हणाली, ताई, गेल्या वर्षीच्या मोज्यातली कुसळं मी गॅलरीतल्या कुंडीत टाकली होती. ती उगवली. पावसाळ्यात इतकी उंच झाली. आता वाळून पिवळी पडलीत, तर आई म्हणते मेलंय ते गवत, कुंडी रिकामी कर, आपण गुलाब लावू. मी काय सांगू?

मी तो आवाज परत परत ऐकला. एवढं शिबीर झालं, एवढा टेम्पोभर रोपांचा मेळा झाला, आणि त्यातलं जगलेलं एकच रोप जुळे सोलापुरातल्या एका गॅलरीत, मोज्यात चोरून नेलेलं. तेही आता उपटायला निघालेले आहेत. घराघरांत हेच चाललंय. पिवळं म्हणजे मेलेलं, गप्प म्हणजे रिकामं, पडलेलं म्हणजे कुणाचंच नाही.

मला वाक्य घोळवावं लागलं नाही. फोन तोंडाशी धरला आणि जसं आलं तसं बोलले.

"हात लावू नगंस त्याला. आईला सांग, कुंडी रिकामी न्हाय. पड हाय."